आक्कांची सोवळ्याची साडी गॅलरीत कुणी नेली?

मला कुणाचे तरी आभार मानायचे आहेत. कुणाचे, ते माहीत नाही. नाव नाही, पत्ता नाही… म्हणून इथं लिहायला बसले.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवते. स्टाफरूममध्ये कुणी करणी, उतारा, अमावस्या असलं काही काढलं की मी सरळ वाद घालायला बसते, आणि समोरचा गप्प होईपर्यंत उठत नाही. नवरा म्हणतो, "सुजाता, तुझ्याशी भांडायला भूतसुद्धा येणार नाही." या ग्रुपवरचे अनुभवही मी वाचायचे ते मनातल्या मनात चुका काढायला. त्यामुळे आता तुम्ही मला हसलात तर मला बोलायला तोंड नाही. हसा बिनधास्त, पण पूर्ण वाचा.

आम्ही कोल्हापुरात राहतो, रंकाळा सोडून फुलेवाडीकडं गेलं की उजव्या हाताला आमची अपार्टमेंट लागते. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. पश्चिमेची भिंत उघड्यावर आहे, पलीकडं नुसता ऊस. गगनबावड्याकडून पाऊस आला की पहिला तडाखा त्या भिंतीला. घरात आम्ही तिघं… मी, माझा नवरा अजित आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आक्का. अजित वारणानगरला नोकरीला आहे, सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि तिची पश्चिमेकडची खोली आक्कांना मिळाली. सगळा प्रकार त्याच खोलीत घडला.

आक्कांबद्दल थोडं सांगायला लागेल. आम्ही जैन. आक्का सीमाभागातल्या, त्यामुळे बोलण्यात कानडी शब्द बरेच. सोवळ्याला त्या 'मडी' म्हणतात. आणि आमच्या भागात बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, तेव्हा पुढं त्यांचं बोलणं वाचून गोंधळू नका. आवाज खणखणीत. स्वभाव… जाऊ दे, माझाही काही फार गोड नाही. एकोणीस वर्षं आम्ही एका घरात भांडतोय आणि एकमेकींशिवाय आमचं पानही हलत नाही.

तर आक्कांची मडीची एक साडी आहे. पांढरी, सुती, बारीक काठाची. सकाळी अंघोळ करून ती नेसायची, बस्तीत म्हणजे आमच्या जैन मंदिरात पूजेला जायचं, परत आलं की ती सोडून स्वतःच धुवायची आणि दुसऱ्या दिवसासाठी आपल्या खोलीतल्या उंच दांडीवर काठीनं चढवून वाळत घालायची. तिला कुणी शिवायचं नाही. मी शाळेत पोरांच्या गराड्यात असते, केएमटीच्या बसमध्ये चारचौघांना चिकटून येते, त्यामुळे माझा तर प्रश्नच नाही. एकोणीस वर्षांत त्या साडीला माझं बोट लागलेलं नाही.

आक्कांच्या बोटांत संधिवात. साडी पिळता येत नाही. म्हणजे ती टपटप गळतच दांडीवर चढणार, खाली बादली. खिडकी बंद. का? तर उघडी ठेवली की पारवा आत येणार, साडीला शिवणार, आणि पंख्यात सापडून मेला तर ते पाप कुणाच्या डोक्यावर? म्हणून पंखाही बंद. चातुर्मासात जीवजंतू जास्त, तेव्हा खिडकीची फटसुद्धा नको. त्यात भर म्हणून पिण्याचं पाणी उकळायचं आणि ते वाफाळतं पातेलं फडकं बांधून निवायला त्याच खोलीत ठेवायचं, कारण स्वयंपाकघरात माझी "शिवाशिव". मी दहादा म्हटलं असेल, आक्का, जरा वारं येऊ द्या. उत्तर ठरलेलं — "तू तुझ्या पोरांना शिकीव. मला नको."

मागच्या चातुर्मासात आक्कांची छाती भरायला लागली. सकाळी उठल्या की खोकल्याची उबळ थांबायची नाही. छातीत शिट्टी वाजायची, ती मला स्वयंपाकघरात ऐकू यायची. बोलता बोलता मध्येच थांबायच्या आणि हातानंच खुणा करायच्या. ज्या बाईचा आवाज खालच्या पार्किंगपर्यंत जातो तिनं खुणा करायच्या, हे मला बघवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले वय आहे, पावसाळा आहे. गोळ्या दिल्या, तोंडानं ओढायचा दम्याचा पंप दिला. आक्का पंप घ्यायच्या, पण दिवस मावळायच्या आत. सूर्य बुडाला की पाण्याचा घोटही नाही, तर औषध कुठलं! अजित त्यांच्या हातापाया पडला, मी रागावले, अबोला धरला… काही उपयोग नाही. मला मनातून धडकी भरली होती. या पावसाळ्यात आक्का आपल्या हातातून जातात की काय, असं वाटायला लागलं होतं.

आणि त्यातच हे सुरू झालं.

एके दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर आक्का गॅलरीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या.

"कोण हात लावलं माझ्या मडीला?"

"आक्का, मी आत्ता येतेय. अजून चप्पलसुद्धा काढली नाही."

"मग ही काय उडत आली व्हय हितं?"

बघते तर मडीची साडी गॅलरीतल्या तारेवर. आमच्या गॅलरीवर छत आहे, दोन्हीकडून वारं वाहतं, इतरांचे कपडे तिथंच असतात. आक्का म्हणाल्या, त्यांनी सकाळी ती खोलीतच घातली होती, जरा डोळा लागला म्हणून हॉलमध्ये आडव्या झाल्या, उठून बघतात तर दांडी मोकळी आणि साडी बाहेर. मला वाटलं, मालनमावशींनी केलं असणार. मालनमावशी आमच्याकडं धुणंभांडी करतात. दुसऱ्या दिवशी विचारलं तर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "वैनी, मी त्या खोलीचा उंबरा तरी ओलांडतो काय? आक्का काठी घालतील की डोक्यात!" तेही खरंच होतं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकली. साडी नीट पिळलेली होती. कडक पिळलेली. थेंब गळत नव्हता, आणि पिळाच्या वळ्या अजून कापडात दिसत होत्या. आक्कांना तर साधं फडकं पिळता येत नाही.

साडी शिवली गेली म्हणून आक्कांनी ती परत धुतली आणि परत गळतीच आत नेऊन घातली. मी कपाळाला हात लावला.

पुढं हे वरचेवर व्हायला लागलं. घरात कुणी नसताना किंवा आम्ही सगळे दुसरीकडं असताना साडी खोलीतून गॅलरीत जायची. दरवेळी पिळलेली, दरवेळी झटकून नीट पसरलेली, काठाला काठ जुळवून. आणि दरवेळी घरात महाभारत! आक्कांचा संशय माझ्यावर. "मुद्दाम करतीस. मला वारं खायला लावायचंय तुला." मी म्हटलं, मला काय दुसरे धंदे नाहीत? मला शाळेतल्या वह्या तपासायच्या असतात. आमची दोघींची अशी जुंपली की अजितनं कानात हेडफोन घातले.

शेवटी अजितच एकदा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "अगं… आक्काच घालत असेल बाहेर आणि विसरत असेल. वय झालंय."

हाच विचार माझ्याही डोक्यात येऊन गेला होता. मग आम्ही त्यांना डॉक्टरांकडं नेलं, छातीसाठी म्हणून. डॉक्टरांनी छाती तपासता तपासता सहज विचारल्यासारखं विचारलं, आज वार कोणता, नातीचं नाव काय, काल काय जेवलात? आक्कांनी सगळं धडाधड सांगितलं आणि मग डॉक्टरांकडं रोखून बघून म्हणाल्या, "आता तुमी सांगा बगू, परवा सकाळी काय खाल्लासा?" डॉक्टरांना आठवेना. मला हसू आवरेना.

पण येताना आक्का रिक्षाच्या कडेला सरकून बसल्या. घर जवळ आलं तेव्हा बाहेर बघत म्हणाल्या, "माझं डोस्कं फिरलंय असं वाटतंय न्हवं तुमाला?" मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला नाही. त्या रिक्षात मला फार रडू आलं.

त्यानंतर लवकरच आम्हाला हातकणंगल्याला जायचं होतं, नणंदेकडं. सुट्टीचा दिवस. आक्कांनी बस्तीतून येऊन साडी धुतली, खोलीत घातली. मी मुद्दाम आक्कांना आणि अजितला खोलीत बोलावलं. म्हटलं, बघा, साडी दांडीवर आहे, खाली बादली आहे, खिडकीला कडी आहे. मग खोलीच्या दाराला मी कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मग बाहेरच्या दाराला कुलूप, तीही किल्ली माझ्याकडं. दुसऱ्या किल्ल्याही मीच घेतल्या. आक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पोलिसात जायची हुतीस तू." गाडीत आम्ही तिघंही एकत्र, नणंदेकडंही तिघं एकत्रच. दिवस बुडायच्या आत आक्कांना घरचं उकळलेलं पाणी आणि औषध घ्यायचं असतं, म्हणून आम्ही ऊन असतानाच परत आलो.

दार मी उघडलं. आक्का माझ्या मागं, अजित चपला काढतोय. समोर गॅलरीच्या काचेतून साडी दिसली. तारेवर. पिळलेली… काठाला काठ लावलेली. खोलीचं कुलूप जागच्या जागी. किल्ली माझ्या पर्समध्ये. कुलूप काढून आत गेलो तर खिडकीची कडी तशीच, बादली जवळजवळ कोरडी आणि दांडी मोकळी.

अजित मटकन सोफ्यावर बसला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. खोटं नाही सांगत, मी येड्यासारखं कुलूप परत परत ओढून बघत होते.

आणि आक्का? आक्का चक्क हसल्या! दम लागेपर्यंत हसल्या. "बगा! मी येडी न्हाई. मी येडी न्हाई की!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घरात काय आलंय याची त्या बाईला भीतीच वाटली नाही. आपलं डोकं ठिकाणावर आहे याचाच आनंद जास्त. मी जाऊन त्यांना मिठी मारली. बाहेरून आल्यावर अंघोळीशिवाय त्या मला जवळ येऊ देत नाहीत, त्या दिवशी दिलं.

नंतर मी विचारलं, "आक्का, मग हे कोण? भूत?"

"गप. आपल्यात आत्मा भटकत न्हाई. देह सुटला की दुसरा जन्म, लगेच. मधी टाईमच न्हाई त्याला."

"मग?"

"शास्त्रात व्यंतर म्हणून देव सांगितल्यात… पर ते काय म्हातारीच्या साड्या पिळत बसतील व्हय?"

आता तुम्ही विचाराल, बाई, मोबाईल लावून का नाही बघितलं? लावला की. जुना मोबाईल खोलीतल्या फळीवर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं. त्यात आक्का साडी चढवताना स्वच्छ दिसतात, पातेलं ठेवताना दिसतात, मग बाहेर जाऊन दार लावतात. आणि मग… चित्र हळूहळू पांढरं होत जातं. कडेनं सुरू होतं आणि मध्ये येतं. बराच वेळ नुसतं पांढरं. पाणी गळल्याचा आवाज येतो, मग तोही थांबतो. चित्र परत दिसायला लागतं तेव्हा दांडी मोकळी असते. अजित म्हणाला, "हे बघ, धुकं! अगं, हे धुकं आलं खोलीत!" मीही घाबरून मोबाईल खाली ठेवला. धुकं नव्हतं ते. लेन्सवर जमलेलं पाणी होतं. सहावीच्या पोरालाही कळलं असतं… पण तेव्हा माझ्या डोक्यात विज्ञान शिल्लक राहिलं नव्हतं.

इकडं आक्कांचा दम वाढतच होता. आम्ही साडीच्या नादात, आणि त्या दिवसेंदिवस वाळत चाललेल्या. जेवण तर चातुर्मासात एकदाच, तेही अर्धं ताटात.

मग तो दिवस उजाडला. अजित घरीच होता. हॉलमध्ये, आक्कांच्या खोलीच्या बरोबर समोर, पेपर वाचत बसला होता. आक्का मडीची साडी दांडीवर घालून बाहेर आल्या, हॉलमध्ये टेकल्या, थोड्या वेळानं जप करायला परत आत गेल्या. दुसरं कुणी आत गेलं नाही, हे अजित आजही शपथेवर सांगतो. मी शाळेतून आले, पाणी प्यायले, तेवढ्यात आतून आक्कांची हाक आली. हाक कसली, घशातून नुसता आवाज.

आत गेले तर आक्का कॉटवर दोन्ही हात टेकवून बसलेल्या, खांदे वर-खाली होत होते, ओठ काळपट. मी पंप तोंडाला लावला. अजितनं खिडकी उघडायला हात घातला, तर फुगून बसलेली, निघेना. दोघांनी मिळून त्यांना उचललं आणि गॅलरीत खुर्चीवर बसवलं. वारं होतं. पंपाचे आणखी झोत दिले. अजित गाडी काढायला निघाला, तर त्यांनी हातानं थांब म्हटलं. आणि श्वास जरा लागल्याबरोबर पहिलं वाक्य काय, तर "माझी साडी… कपाटामागं ओढलीया… हात लावू नको."

मरता मरता मडी! मला हसावं की रडावं कळेना.

अजितला त्यांच्यापाशी ठेवून मी आत गेले. खोलीत पश्चिमेच्या भिंतीला लोखंडी कपाट आहे. भारी. आत पितळेची भांडी, साड्या, गाद्यांच्या खोळी, काय काय भरलेलं. भिंतीला इतकं घट्ट चिकटवलेलं की मागं माझी शाळेतली पट्टी जाणार नाही. साडीचं एक टोक दांडीवर होतं, आणि दुसरं कपाटामागं. ताणून आत घेतल्यासारखं. मी सगळी शिवाशिव विसरून साडी धरली आणि ओढली. येईना. परत ओढली. जराही हलेना. अजितला हाक मारली. आक्का गॅलरीतूनच, आता जरा बऱ्या आवाजात, "फाडशीला गं!" म्हणून ओरडत होत्या. ते ओरडणं ऐकून मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

आम्ही दोघांनी खांदे लावून कपाट पुढं ओढलं.

मागची भिंत काळी होती. जमिनीपासून छतापर्यंत. हिरवट काळी, मध्येच पांढरी लव आलेली, आणि पाण्याचे थेंब जमून खाली ओघळत होते. कपाटाच्या पाठीवरही तीच बुरशी. ओल्या गोणपाटासारखा वास असा भसकन अंगावर आला की आम्ही दोघं खोकत मागं सरकलो. आणि त्या काळ्या भिंतीवर साडीचा पांढरा पदर पसरून बसला होता. सरळ, एक चुणी नाही. कपाट हललं तसा तो आपोआप सुटला आणि खाली पडला. त्यावर सगळी काळी नक्षी उठली होती.

आक्कांची उशी त्या कपाटाला लागूनच असायची.

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सहावीला मी दरवर्षी करून दाखवते — गार पाण्याचा स्टीलचा ग्लास टेबलावर ठेवायचा, बाहेरून थेंब जमतात, पोरांना विचारायचं हे पाणी कुठून आलं? हवेतून. बस, तेच! रोज एक गळती साडी, रोज एक वाफाळतं पातेलं, खिडकी बंद, पंखा बंद. ते पाणी जाणार कुठं? पावसानं गार पडलेल्या त्या भिंतीवर जाऊन बसणार. कपाटामागं वारं नाही, उजेड नाही, बुरशीला आणखी काय हवं? आणि ती हवा आक्का सगळा वेळ छातीत ओढत होत्या. साडीला शिवल्याचा वाद घालून घालून आम्ही ती आणखी एकदा धुऊन आत आणत होतो! जी साडी कुणीतरी पिळून, बाहेर नेऊन, वाऱ्यावर टाकत होतं.

मी तिथंच खाली बसले आणि हात जोडले. कुणाला, विचारू नका.

आक्कांना हॉलमध्ये हलवलं, ती खोली बंद. भिंतीचे फोटो डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आता त्या खोलीत त्यांना पाऊल ठेवू देऊ नका. छातीच्या डॉक्टरांकडं पाठवलं, तपासण्या झाल्या, औषधं सुरू झाली.

पण भिंत साफ करायची म्हटल्यावर आक्का आडव्या आल्या! "जीव हाईत ते. एवढे जीव मारणार तू? चातुर्मासात?" मी म्हटलं, आक्का, ते जगले तर तुम्ही मराल. त्या खाली बसल्या. मग हळू म्हणाल्या, "चूक माझीच. पयलं जतन करायला पायजे हुतं. भिंत कोरडी ठेवली असती तर एवढे जीव जन्मालाच आले नसते की." आणि निवाडा दिला, "तू पूस. मी उपास करतो." त्या दिवशी त्या बस्तीत बसून राहिल्या आणि आम्ही दोघांनी तोंडाला मास्क बांधून, साबणाच्या पाण्याच्या ओल्या फडक्यांनी, धूळ उडू न देता भिंत पुसली. फडकी टाकून दिली. पाऊस ओसरल्यावर बाहेरच्या भिंतीच्या भेगा भरून घेतल्या. आता कपाट भिंतीपासून हातभर लांब असतं. पातेल्यावर झाकण असतं. मडीची साडी आक्कांनी गरम पाण्यात धुऊन घेतली, ती आता गॅलरीत वेगळ्या तारेवर वाळते. बाथरूमला आणि स्वयंपाकघराला हवा ओढून बाहेर टाकणारे पंखे बसवले. खिडक्यांना जाळ्या ठोकल्या, त्यामुळं पारवा येत नाही, पाखरू मरत नाही आणि खिडकी उघडी राहते. सकाळी काचेवर पाणी दिसलं की आक्का स्वतः पुसतात आणि मला ओरडतात, "विज्ञानाची बाई, बग, आज परत घाम आलाय तुझ्या काचेला!" असं ओरडताना त्यांना मध्ये थांबायला लागत नाही.

दिवाळीपर्यंत आक्कांच्या छातीतली शिट्टी गेली. पंप अजून जवळ असतो, दमा काही जादूनं पळून गेला नाही. पण परवा त्या मालनमावशींशी पार्किंगमध्ये उभ्या राहून इतकं भांडल्या की मी वर गॅलरीत उभी राहून ऐकत राहिले, डोळे भरून आले.

भिंत साफ झाल्यापासून साडी एकदाही हलली नाही. अजितला वाटायचं, असेल योगायोग. मग आक्कांनीच एक दिवस ठरवलं, बघू या. सकाळी बस्तीतून आल्या, साडी धुतली आणि मुद्दाम पूर्वीसारखी, गळती, त्या खोलीतल्या दांडीवर चढवली. खिडकी लावली, दार ओढलं. माझी सुट्टी होती. आम्ही दोघी हॉलमध्ये भाजी निवडत बसलो. बोलत होतो, पण दोघींचे कान तिकडंच. दुपार झाली. आक्का उठून आत गेल्या, मी मागोमाग. साडी दांडीवरच होती. खाली बादलीत टप… टप.

आक्का दांडीकडं बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "गेलं वाटतं गं." आवाजात इतकं वाईट वाटलेलं होतं, माहेरचं कुणी निरोप न घेता गेल्यावर वाटतं तसं.

कोण होतं, मला आजही माहीत नाही. बंद कुलपातून ओली साडी कशी बाहेर जाते, पट्टी न शिरणाऱ्या फटीत पदर कोण पसरतं, एवढ्या जोरात पिळणारे ते हात कुणाचे… मी विज्ञानाची बाई, मला एकाचंही उत्तर देता येत नाही. अजितलाही नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा. मी वाद घालणार नाही. जे कुणी होतं, त्यांचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत एवढंच मला कळतं.

त्या दुपारी मी म्हटलं, "आक्का, उतरवा आता, बाहेर घाला." त्यांनी काठी उचलली. साडी काठीवर घेतली. दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. माझ्या ओल्या केसांकडं बघून विचारलं, "अंघोळ झालीया न्हवं तुझी?"

"झालीय."

त्यांनी ती गळती साडी काठीवरून काढली आणि माझ्या दोन्ही हातांत ठेवली.

"घट्ट पीळ," म्हणाल्या. "मला जमत न्हाई."